सूचनापेटी

सप्टेंबरचा शेवटचा रविवार. ओहायोत
तळ्यावरून वारा बोचरा सुटलाय,
आणि पार्कवाल्यांनी तिकीटखिडकीशी पेटी ठेवलीय:
काय सुधारू, लिहा.

वेंडेल ह्राबोव्स्की, वय एकसष्ट,
लाकडी कोस्टरवरून आज चौदाव्यांदा उतरलेला,
गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो:
सीटच्या नव्या गाद्या काढा.
हाडं खुळखुळायला हवीत, पैसे त्याचेच मोजतो.
आणि चढावर साखळीची खडखड
आहे तशी ठेवा. तेलपाणी नको.

इमोजीनला हवीय रांगेत सावली,
आणि लिंबू सरबतात लिंबू.

धाकटा टोबायस उंचीच्या पट्टीखाली
टाचा उचलून उभा. तरी दोन बोटं कमी.
पट्टी खाली घ्या, लिहितो तो,
मग खोडतो:
नाहीतर पुढचा मे लवकर आणा.

माझा कागद अजून कोरा.
पेटी उचलायला पोरगा आला
तेव्हा घाईनं खरडलं:

मेरी-गो-राउंडचा करडा घोडा,
एका कानाचा,
त्याला रंग देऊ नका.
मानेखाली माझ्या भावानं
खिळ्यानं नाव कोरलंय.
अर्धंच.
तेवढ्यात घंटा झाली होती.