काल्मेरिनच्या तोंडाशी

दोर घ्या, तेल घ्या, खडूही असू द्या,
खाली सगळी वळणं सारखीच दिसतात.
नकाशा माझ्याच हातचा. चार नाणी.
लाल फुली आहे तिथे सापळा.
सापळ्याआधी तिथे घंटा ओतणाऱ्यांची गल्ली होती,
पण ते लिहिल्याचे जास्त पैसे कोण देतं?

पोरं उतरतात चिलखतं खळखळवत.
कुणी वर येतं, कुणी नाही.
येतात ते माझ्या फळीवर पोतं पालथं करतात:
दाराची कडी, अर्धा कंगवा, चमचे,
कुणाचा तरी दातांसकट जबडा.
नाक्यावरचा कारकून जबड्यामागे दोन नाणी देतो.

काल ओस्विन म्हणून एक आला,
मिसरूडही न फुटलेला,
हाडांचा पंजा घेऊन.
बोटात अंगुस्तान अडकलेलं,
पितळी, कडेला चेपलेलं.
"दुसऱ्या तळावर होतं," म्हणाला, "मागून गाठलं."
"धावून आलं अंगावर?"
तो जरा थांबला.
"नाही. उंबरा झाडत होतं."

पंजाला भाव नसतो.
मी तरी दोन नाणी मोजली,
मग आणखी दोन.
का, ते त्याने विचारलं नाही.

अंगुस्तान आता बोटात घट्ट बसतं.
तेव्हा अंगठ्यातही सैल व्हायचं,
आणि म्हातारी येल्दा दातात दोरा धरून म्हणायची,
वाढशील गं.

आज नकाशाच्या नव्या प्रती काढल्या.
दुसऱ्या तळावर एक गल्ली कमी आहे.
तिथे मी नुसती भिंत काढली,
भरीव, काळी,
आणि शाई वाळेपर्यंत
फुंकर घालत बसले.