तीन कळा

कॉर्नेटला तीन कळा असतात.
इदवलमामाच्या कॉर्नेटची तिसरी अडकली आहे
आणि फुंकायची पितळी वाटी जागेवर नाही.
माझा मुलगा शाळेच्या बँडसाठी ते मागतो आहे,
म्हणून आज पेटीवरची भांडी उतरवली.

चौदा सालच्या सप्टेंबरात
आमच्या पाटीच्या खाणीचा बँड चौकात उभा राहिला.
मामा एकोणीस वर्षांचा, पहिल्या रांगेत.
सार्जंटचं भाषण कुणाला फारसं कळलं नाही,
ते इंग्रजीत होतं.
कॉर्नेट कळलं.
आधी टाचा हलल्या, मग पाय,
मग अकरा पोरं टेबलापाशी जाऊन सही करून आली.
मामानं मोजली.
दोन ओळींच्या मधे श्वास घेताना
माणसाला मोजायला वेळ मिळतो.

तारा यायला लागल्या, तेव्हाही तो मोजत होता.
चार.
मग शेजारचा एमरिस, ज्याला ठेक्यात चालणं
कधीच जमलं नव्हतं.
सहा.
सातवी आली त्या आठवड्यात
तो सरावाला गेला नाही.

न्यायमंडळात एक कर्नल, एक लोकरीचा व्यापारी
आणि आमचाच खाटीक.
"जर्मन तुझ्या बहिणीवर धावून आला तर?"
बहीण, म्हणजे माझी आई, मागच्या बाकावर
मांडीवरचे हातमोजे पिळत होती.
मामा वेल्शमध्ये म्हणाला,
"अजून कुणी धावून आलं नाही, साहेब.
मीच गेलो. अकरा जणांवर. वाजवत."
कारकुनानं दुभाष्याकडे पाहिलं,
दुभाष्यानं खिडकीकडे.
नोंदवहीत उत्तराच्या जागी एक आडवी रेघ आहे.
मी जाऊन पाहून आले. शाई अजून काळी आहे.

तुरुंगात बोलायची बंदी.
टपालाच्या पिशव्या शिवायच्या, इंचाला आठ टाके.
हातात सुई नसली की उजवी तीन बोटं
मांडीवर चालायची.
पलीकडच्या कोठडीत आमच्याच खोऱ्यातला एक मास्तर,
तोही नकार देऊन आलेला.
भिंतीवर टिचकी मारून विचारायचा, आज कोणतं?
मामा टिचक्यांनी ठेका द्यायचा,
सूर ज्याचा त्यानं भरायचा.
फेब्रुवारीत मास्तर खोकून खोकून गेला.
त्याबद्दल मामा एवढंच सांगायचा की
त्या दिवशी कोणतं, ते ठरायचं राहिलं होतं.

सुटून आला तेव्हा वाजवणारे ओठ गेले होते,
उरले ते फक्त जेवायचे.
बेकरीवाली सुटे पैसे फळीवर ठेवायची,
हातात नाही.

एकवीस साली चौकात स्मारक उभं राहिलं.
बँडचे चिटणीस रात्री मागच्या दारानं आले.
दुसरा कुणी उरला नाही, वाजवशील?
मामा म्हणाला, मास्तरचं नाव कोरा,
ओठ मी कुठूनही आणतो.
चिटणीसांनी अर्धा चहा तसाच टाकला.

शेवटी तेरा वर्षांच्या एका पोरानं वाजवलं,
धापा टाकत, अधूनमधून घसरत.
मामा गर्दीमागे भिंतीला टेकून उभा होता.
आई सांगायची, कोटाच्या खिशात त्याचा हात
पोराच्या चुका दुरुस्त करत होता.

पितळी वाटी आत्ता सापडली.
जिन्याखाली, रॉकेलच्या डब्याला सुतळीनं बांधलेली.
दिव्यात तेल ओतायला तो तिचं नरसाळं करायचा,
पस्तीस वर्षं, रोज संध्याकाळी.
एक थेंब सांडायचा नाही.

साबणानं धुतली, राखेनं घासली.
वास जात नाही.
मुलगा दारात उभा राहून विचारतो,
वाजेल का गं?
मी तिसरी कळ दाबून बघते आहे.
खाली जाते.
वर यायला वेळ लावते.