एकोणतीस अंश

मे महिन्यात अर्धं नागपूर माझ्याकडे येतं
कूलरच्या जळक्या मोटरी घेऊन.
तांडापेठेतल्या दुकानात मी तांब्याची तार गुंडाळते,
वाळ्याच्या ताट्या विकते,
लोकांना त्यांची झोप परत करते.
आणि मागच्या खोलीत, भर दुपारी,
एका दगडावर चाळीस अंशांचा दिवा लावते.

"भाईर शेहेचाळीस हाये न माय," बाजूची कुंदा म्हणते,
"आन् तू सरड्याले शेकून राह्यली?"

शेकते. पोट तापल्याशिवाय तर्रीला पचत नाही.
पण तिची अंडी तिच्याहून नाजूक:
एकोणतीस. तीस चालतील, बत्तीस नाही.
म्हणून एका कोपऱ्यात वैशाख,
आणि दुसऱ्यात, थर्मोकोलच्या पेटीत,
बर्फाच्या बाटल्या बदलत राखलेला एक छोटा कार्तिक.
लाईट गेली की रात्री तीनलाही मी उठते.

पहिल्या खेपेला चोवीस होती.
ओल्या वाळूत खांद्यापर्यंत शिरून तिनं खड्डा खणला,
नंतर नाकानं माती चोपली, पुन्हा चोपली,
आणि रिकाम्या पिशवीसारखी दगडावर येऊन पडली.
वजन तीनशे दहा. मी वहीत लिहिलं.

वहीमुळंच कळलं.
सीताबर्डीच्या ज्या माणसानं सुंठ आणि तर्री
"दोन वेगळ्या घरचे" म्हणून दिले,
त्याच्या दोन्ही पावत्यांवर जन्माची तारीख एकच.
फोन केला. तो हसला.
"सरड्यात कायचं गोत्र पाहता, ताई?"

माझ्या लग्नात आत्यानं सात पिढ्या मोजल्या होत्या.
तरी ते दोन उन्हाळेच टिकलं.
पण इथं मोजणारी मीच होते, आणि मोजलं नव्हतं.

डॉक्टर काझींनी सांगितलं तसं केलं:
त्याच संध्याकाळी, आत डोळे येण्याआधी,
चोवीस अंडी फ्रीजरमध्ये,
संत्रा बर्फीच्या डब्याशेजारी.
झाकण लावताना पुटपुटले काहीतरी. कोणाला, ते माहीत नाही.

महिन्याभरानं ती पुन्हा खणू लागली.
सुंठ केव्हाचाच वेगळ्या पेटीत,
पण एका भेटीचं अंगात साठून राहतं म्हणे.
एकोणीस. पुन्हा तोच फ्रीजर.
बर्फी त्या वर्षी कोणी खाल्ली नाही.

मग सगळं थांबवलं.
शेवग्याचा पाला, भोपळा,
कॅल्शियमच्या भुकटीत घोळलेली झुरळं.
तीनशे चाळीस. तीनशे ऐंशी.
डिसेंबरात दीड महिना ती झोपली, मी उठवलं नाही.
फाल्गुनात अमरावतीहून नर आणला,
शेण तपासलेला, कागदांसकट, जरा मारकुटा.

एकवीसमधून अठरा निघाले.

गिट्टीखदानचे भोयर आले. मुलाचा वाढदिवस होता.
"यूव्हीचा दिवा घेतला?"
"नागपुरात उन्हाची काय कमी आहे, मॅडम?"
मी म्हटलं, खिडकीच्या काचेतून नुसता उजेड येतो,
हाडांना लागतं ते ऊन बाहेरच राहतं.
आणि बाहेरचं, मे महिन्यातलं, त्याला तासाभरात शिजवेल.
ते वैतागले. "एवढे प्रश्न तर मुलगी देतानाही विचारत नाहीत."
मी म्हटलं, हो ना.
दिवा लावा, आठवडाभर तापमान लिहून आणा, मग देते.
नोटा परत खिशात गेल्या. ते काही आले नाहीत.

अकरा गेले, एकेका घरी, सावकाश.
एकाची शेपूट मुळातच वाकडी.
तो विकायचा नाही, त्याची वीण घ्यायची नाही.
वहीत त्याच्या नावापुढं एवढंच: राहील.

पिल्लं मोठ्याला घाबरली की एक हात उचलून
हळूच हवेत गोल फिरवतात:
मी लहान आहे, मला काही करू नको.
संध्याकाळी तारेनं कापलेली बोटं घेऊन मी खोलीत येते
तेव्हा तो वाकडा काचेआडून हात वर करतो.
मीही करते.
मग दिवा बंद.