मोठ्या मापाचा अंतराळवीर

गोळीबार चौकातून आत, पराते ड्रपरी.
वासुदेव, वकील, गाजर, वांगं, झाशीची राणी
सगळे एका दांडीवर, खांद्याला खांदा लावून.
अंतराळवीर मात्र वेगळ्या खिळ्याला,
चुरगळला की त्याची चांदी जाते.

पाईप कूलरच्या पंपाचा.
पाठीवरचे सिलेंडर म्हणजे दोन लिटरच्या दोन बाटल्या,
आतलं मीच प्यालो, मीच रंगवल्या.
भाडं दीडशे, डिपॉझिट तीनशे,
डाग पडला तर बोलाचाली.

तान्ह्या पोळ्याला तो पहिल्यांदा बाहेर निघाला.
आत पाच वर्षांचं पोट्टं, हातात दोरी, दोरीला लाकडी बैल,
चंद्र नांगरायला निघाल्यासारखं.
बोजारा मागून परत आलं तेव्हा
हेल्मेटात चिल्लर, एक पेन्सिल, बिस्किटांचा चुरा.

मग ऑक्टोबर संपताना
बेसा, मनीषनगरकडून फोन यायला लागले.
हॅलोविन म्हणे. म्हटलं, हे काय असते जी?
भुतांचं असतं काका, पोरं दारोदार चॉकलेट मागतात.
म्हणजे तान्हा पोळाच, बैल विसरून आलेला.
आमच्याकडे इडापिडा मारबतीसोबत
भर दुपारी ढोल लावून जाळून टाकतात.
तुम्ही घरी बोलावता, वर गोड खाऊ घालता.
बरं आहे. ज्याची त्याची रीत.

अर्पणा गिरडकर आली ती एकोणतीस तारखेला.
मुलगा ओढणीमागे, निमिष नावाचा.
छोटा सूट काढून दाखवला
तर पोट्टं एकदम बाहेर, पायरीवर,
एक चप्पल आतच.

ती म्हणाली, हौस त्यालाच आहे, भिंतभर रॉकेटं काढतो.
पण पांढरा सूट, तोंडावर काच.
असे दोघं आले होते आमच्याकडे, त्या वर्षी.
ह्याच्या बाबांना जिन्याने खाली नेलं.
हा तीन वर्षांचा. विचारत होता,
आत कोण आहे?
कोणी सांगितलं नाही. कोणाला वेळ होता.

मी टेप गळ्यात घालून उभा.
त्या वर्षी लग्नं नव्हती, गॅदरिंग नव्हतं,
मी तेच शिवत होतो, दिवसाला चाळीस,
पुढे चेन, डोक्याला टोपी.
हा अंतराळवीर त्याच बेतावरचा,
त्याच ताग्यातला,
वरून फक्त चांदी मारलेली.
हे तिला बोललो नाही.

ती म्हणाली, मोठ्या मापात आहे का?
आधी मी घालते.

नव्हता. शिवणीत मी नेहमी दोन बोटं कापड ठेवतो,
पोरं वाढतात म्हणून,
पण त्या दोन बोटांत बाई मावत नाही.
रात्री कपाटाच्या खालच्या कप्प्यातून
ताग्याचं शेवटचं टोक काढलं.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातच घातला.
तो पायरीवर संत्रं सोलत बघत होता.
चेन लागली. काच खाली आली.
आत कोण आहे?
मी, ती म्हणाली,
पण हेल्मेटात आवाज घुमून दुसऱ्याचाच झाला
आणि तो एक पायरी खाली सरकला.

तेव्हा मी गल्ल्यातला काळा मार्कर घेतला
आणि तिला न विचारता
छातीवर लिहिलं, आई.
त्याने लांबूनच वाचलं. आ. ई.
नुकताच शिकत होता.
मग हात पँटीला पुसले,
माझा कुठे आहे, म्हणाला.

एकतीस तारीख कशी गेली, मला माहीत नाही.
सूट दोन दिवसांनी परत आले.
छोट्याच्या खिशात वितळलेली टॉफी, संत्र्याच्या बिया.
मोठ्याच्या काचेला आतून वाफेचे डाग.
डिपॉझिट पूर्ण दिलं.
शाई निघाली नाही. रॉकेल लावून पाहिलं, तरी नाही.

पुढच्या शनिवारी मिहानमधल्या कंपनीचा एक जण,
मिशीवाला, पोट आत ओढून चेन लावणारा,
आरशात बघून म्हणाला, काका, हे छातीवर काय?
म्हटलं, पक्कं आहे जी,
वीस रुपये कमी द्या.