थेंबाएवढी धार

डोंगरावर दहिवर गोठलं की पेपरात फोटो येतो,
पाइप गोठला तर येत नाही.
मागच्या पौषात मुलींच्या वसतिगृहाचा नळ
दोन सकाळी नुसता खोकला.
तिसऱ्या सकाळी टाकीखालचा एल्बो तडकला,
आणि बेठेकर चौकीदारानं
तुराट्यांचा चूड पेटवून पाइपाला शेक दिला
तेव्हा भिंतीवरचं मीटरही भाजलं थोडं.

म्हणून यंदा ही केबल.
साडूचा पोरगा लेहला ठेकेदाराकडे होता,
त्यानं आणली, खोक्यासकट, सील न तोडलेली.
मी परतवाड्याचा वायरमन. पस्तीस वर्षं मोटारी बांधल्या,
पण असली वायर पहिल्यांदाच हातात:
गारठा वाढला की आपण होऊन तापणारी,
ऊन पडलं की गप्प.

टॉर्च धरायला रामकली भुसूम,
बारावीत नापास, आयटीआयला पहिली.
तिला म्हटलं, पाय पोरी,
पाइपाच्या पोटाखालून सरळ ने, वेढे नोको घालू.
हिच्यावर हीच बसली तं तिथंच जळते,
अन् धूर निघेलोक कोणाले समजत नाई.

काहून?

हातहातभर अंतरावर ही पट्टी मार. तार नोको आवळू, तार कापते.
लांब झाली म्हणून मधातून तोडू नोको.
वरून फोम. पोतं नोको, गवत तं बिलकुल नोको,
उंदराले घर होते अन् आगीले गादी.

काहून, काहून, प्रत्येकाला तिचं काहून.
अर्थिंगचा खड्डा तिनंच खणला,
मीठ, कोळसा, वर दोन बादल्या पाणी.
नंतर पेटीतला छोटा खटका दाखवला, त्याच्यावरचं बटण:
हे दाबलं अन् खटका पडला तं हा जिवंत हाय.
नाई पडला तं वायर लावूच नोको.
अन् आपोआप पडला, तं लगेच वर नोको करू.
पहिले विचार त्याले, काहून पडला.

ती हसली. मी नाही हसलो.
दर्यापूरला एकदा बादलीत रॉड लावलेला असताना
पाणी किती तापलं ते बोट घालून पाहणारा माणूस
मी मोरीतून उचलून बाहेर आणलाय.
त्याचं नाव तिला सांगितलं नाही.
फक्त म्हटलं, चाल, अजून एकदा दाब.

खट्.

रात्री स्टोअर रूममध्ये झोपलो, गव्हाच्या पोत्यांना पाठ लावून.
तीनच्या सुमारास जाग आली ती आवाजानं नाही,
डीपीची गुणगुण थांबली म्हणून.
लाइट गेली होती.
लेहच्या खोक्यावर सगळं छापलेलं होतं,
किती वॅट, किती फूट, किती उणे,
आमच्या फिडरचं काही नव्हतं त्यात.
बाहेर पत्र्यावर चांदणं मिठासारखं बसलेलं.
अंधारात पाइपावर हात ठेवला. फोमखाली
उरलीसुरली ऊब असेल नसेल.

मग ऐकलं.
टप. टप टप. टप.

मोरीत, ‘थेंब थेंब वाचवा’ या पाटीच्या बरोबर खाली
कोणीतरी नळ सुतभर सैल सोडलेला,
खाली बादली, बादलीवर अर्धा मग.

पाटी वार्डनबाईंनी स्वतःच्या हातानं रंगवली होती,
त्यामुळे कोण बोलणार.
रामकली दारात, शाल डोक्यावरून.
म्हणाली, वायरचा भरवसा लाइटवर,
लाइटचा कोणावर, काका?
चालतं पाणी लवकर नाई थिजत.
बादलीतलं सकाळी भांड्याले होईन.

पस्तीस वर्षांत मला कोणी काका म्हणून
इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं.
मी काहून विचारायचं राहूनच गेलं.

साडेपाचला लाइट आली.
तोंडही न धुता ती आधी पेटीपाशी गेली.
खट्. मग खटका वर.
नळावर मुलींची रांग, बादल्यांचा कल्ला,
आणि सगळ्यात पुढची, दात वाजवत,
हात मागे घेऊन:
अई गं, किती थंडंय पाणी!