खंड

शुक्रवार. अडीच वाजता अशासकीय विधेयकं.
सकाळीच चार पानं आली माझ्या टेबलावर,
कोपऱ्यात चहाचा गोल डाग:
नोकरदार पालकांच्या रजेत वाढ करण्याबाबत.
‘वेलांट्या बघून शुद्ध प्रत काढ,’ साहेब म्हणाले.

अधिवेशनापुरता टंकलेखक मी.
आलो त्या दिवसाचे पैसे, नाही त्याचे नाही.
पोर सतरा दिवसांची,
नोकरी बारा दिवसांची.

खंड दोन. व्याख्या.
(अ) ‘पालक’ म्हणजे
आणि बोटं थांबली.
निघताना सुकेशिनी म्हणाली होती,
येतानी पालक आनजा,
शिस्टर म्हने रक्त कमी हाय.

खंड चार. वडिलांस पूर्ण पगारी रजा, दिवस २० (वीस).
आकडा आधी, मग अक्षरं, अशी पद्धत आहे.
वीसातून सतरा गेले.
माझे तीन दिवस निघत होते
कोणाकडे तरी.

बाहेर मोर्चा अडवला होता टी-पॉइंटला,
घोषणा इथवर येईतो नुसता घोगरा आवाज उरे.
गोंदियाहून बंदोबस्ताला आलेली शिपाई
रोज एक वाजता आमच्या झेरॉक्सच्या खोलीत शिरते,
आतून कडी लावते. दहा-पंधरा मिनिटं.
आम्ही बाहेर उभं राहून
मोजलेलेच कागद पुन्हा मोजतो.
तिचं लेकरू गोंदियात, सात महिन्यांचं.
हे तिनं सांगितलेलं नाही.
निखाडेबाईंनी ओळखलं.

खंड सात. ठेकेदारामार्फत नेमलेल्या
कामगारांसही हा अधिनियम लागू राहील.
हे मी दोनदा टाईप केलं. एकदा चुकून.

बुटीबोरीला बिस्किटं भरायची ती.
सातव्या महिन्यात ठेकेदारानं रजिस्टर उघडलं,
तिच्या नावापुढे लिहिलं: सेवेत खंड.
तीन दिवसांचा हिशेब दिला
आणि फुटक्या बिस्किटांचं एक पाकीट.

‘हे सारखं खंड, खंड काय आहे?’ मी विचारलं.
निखाडेबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
‘मंजूर झालं की त्यालाच कलम म्हणतात.
तोवर खंड.’
मग स्टेपलरमध्ये पिना भरत,
‘पुष्कळ खंड पाहिले बाप्पा मी.’

तीन-वीसला घंटा वाजायला लागली.
गणपूर्ती नव्हती.
किती वेळ वाजली!
घरी पोर अशीच रडते, थांबत नाही,
पण तिला कोणीतरी उचलून घेतं.
बाकं मात्र रिकामीच, पंखे बंद,
एक सदस्य उभे, हातात माझीच प्रत,
आणि सगळ्यांच्या परतीच्या विमानाची वेळ झालेली.

पुढल्या अधिवेशनात घेऊ, असं ठरलं.
ते मुंबईला. तिथले टंकलेखक वेगळे.
तोवर पोर मान धरेल.

जयताळ्याला पोचलो तेव्हा अंधार, कडाक्याची थंडी.
शेगडीशी बसून सुकेशिनी
पोरीच्या पायांना तेल लावत होती.
‘पालक आनला?’
मी खिशातून रद्दीतली प्रत काढली,
दुसरं काहीच नव्हतं.
तिनं तेलकट बोटानं ओळ न् ओळ धरून वाचलं,
सातव्यावर थांबली.
‘खंड?’ हसली. ‘हा तं त्यानंही लिवला होता.’
आणि कागद तेलाच्या वाटीखाली सरकवला.

रात्री दोनला पोर उठली. माझी पाळी होती.
तिला खांद्यावर घेऊन फिरताना पाहिलं,
तेल पानभर पसरलं होतं,
मागची अक्षरं पुढे आली होती, उलटी,
कोणत्या बाजूचं काय, कळत नव्हतं.
एवढंच लागत होतं: वीस.