कोट सांभाळणारी मार्सेले

विल्नियसच्या राजवाड्यात
मार्सेले लोकांचे कोट सांभाळते.
राजवाडा तिच्याहून साठ वर्षांनी लहान.

वॉर्सातून बस येते.
"आमच्या राजाचं घर," म्हणतात, जरा हळू,
विकून टाकलेल्या शेताच्या बांधावर उभं राहून म्हणावं तसं.
मिन्स्कहून दोघं-तिघंच. दरबारची जुनी कागदपत्रं
त्यांच्या भाषेतली, मग दरबार कुणाचा?
शाळेच्या पोरांना बाई सांगतात, "आपला!"
पोरांचं लक्ष एकमेकांच्या टोप्यांकडे.
एकच राजा, नाव तीन तऱ्हांनी.
शहरही तसंच: विल्नियस, विल्नो, विल्निया.
मार्सेले पितळी बिल्ला पुढे सरकवते.
आकडा सगळ्यांना वाचता येतो.

झारच्या अमलात जुना पाडला,
एका व्यापाऱ्यानं विटा गाड्या भरभरून नेल्या.
कुणाच्या चुलीत गेल्या, कुणाच्या विहिरीला लागल्या,
हिशोब कोणी ठेवला नाही.
पुन्हा बांधताना पेपरांत भांडणं,
आठवण म्हणायची की नाटकाचा पडदा.
तिचा नवरा म्हणायचा,
एवढ्यात दवाखान्याला लिफ्ट बसली असती.

तिचा राजवाडा कुठल्याच फलकावर नाही.
इथंच, गळ्यात लाल रुमाल,
सरस उकळल्याचा वास, पातळ फळ्यांची विमानं
आणि वालेरिया पेत्रोव्ना रशियनमधून ओरडायची,
पंख सरळ धर, सरळ!
ते राज्य गेलं ते बरंच झालं,
हे ती मनापासून म्हणते.
विमान मात्र फार छान उडालं होतं,
नदीच्या बाजूला.

खाली, काचेखाली, खरा पाया.
सुट्टीत ती एका विटेपाशी जाते.
वीट ओली असताना वरून कुत्रं गेलेलं,
चार बोटं, एक तळवा, घाईत.
गेल्या मंगळवारी एक म्हातारा शेजारी येऊन वाकला.
"आमच्याकडे असाच होता. बुरेक."
पोलिशमधून म्हणाला.
तिच्या आईची भाषा. कळलं सगळं.
उत्तर तिनं लिथुआनियनमध्ये दिलं,
का ते तिलाही सांगता येणार नाही.

मग वर जाऊन त्याचा कोट काढला, नंबर एकोणचाळीस.
बाहीत एकच हातमोजा खुपसलेला.
दुसरा दोघं शोधत राहिले,
बाकांखाली, छत्र्यांच्या मागे,
शिपाई दिवे मालवायला आला तरी.